अर्धी सीट

निवृत्तीच्या पँटी डाव्या बाजूलाच फाटत. सत्यशीला एकोणीस वर्षं त्या शिवत आली होती आणि दर वेळी ठिगळ पडायचं ते डाव्या कुल्ल्यावर. उजवी बाजू नव्या कापडासारखी राहायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, हे असं कसं. तेव्हा निवृत्ती हसला होता. उजवा कुल्ला हवेतच असतो, म्हणाला होता.

ते खरंच होतं. इस्लापूरच्या स्टँडवरून तालुक्याला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये पुढं जागा तिघांची, बसत चौघं. तीन पॅसेंजर आणि चौथा ड्रायव्हर. पॅसेंजर भाडं देतो, म्हणून तो आत. ड्रायव्हरनं सीटच्या काठाला डावं अंग टेकवायचं, उजवं दाराबाहेर सोडायचं आणि तिरपं बसून गाडी हाकायची. दार तर कधीच काढून मालकाच्या गोठ्यात ठेवून दिलेलं. गिअर टाकायचा तर शेजारच्या माणसाला गुडघा उचलायला सांगावं लागे. शेजारी बाई असली की ते सांगताना निवृत्तीची जीभ अडखळायची. पावसाळ्यात त्याची उजवी मांडी चिंब व्हायची. उन्हाळ्यात उजवा हात डाव्यापेक्षा दोन रंग काळा पडायचा. कंबर रात्री कुशीवर वळू द्यायची नाही. पण त्याच्या हातून एकोणीस वर्षांत एक कोंबडी मेली नव्हती, आणि हे तो न विचारता सांगायचा.

त्या वर्षी आषाढात घाटात एक काळी-पिवळी उलटली. गाडी दुसऱ्याच मालकाची होती. ड्रायव्हरकडं बिल्ला नव्हता, म्हणून विमा कंपनीनं हात वर केले आणि मालकाला जमीन विकायची वेळ आली. ही बातमी टेंभरदऱ्यात आली त्याच दिवशी शेषेरावानं निवृत्तीला वाड्यावर बोलावलं. शेषेरावाच्या तीन गाड्या होत्या. तो बाजेवर बसून पाय चोळून घेत होता. निवृत्ती पायरीखाली उभा राहिला, नेहमीसारखा.

लायसन निवृत्तीकडं होतं, पण ते घरच्या गाडीचं. भाड्यानं माणसं न्यायची तर वेगळी परवानगी लागते, छातीवर लावायचा बिल्ला लागतो. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. शेषेरावानंच कधी काढू दिला नव्हता. बिल्ला काढला की ड्रायव्हर पगार वाढवून मागतो, असं त्याचं मत होतं. आता मात्र तो म्हणाला, "पहिल्या माळेपासून बिना-बिल्ल्याचा माणूस गाडीवर बसणार न्हाई. तुला जमलं तर बघ. न्हाई तर आपला बबलू हायेच."

बबलू त्याचा पुतण्या. बबलूकडं बिल्ला होता. तो कसा आला ते सगळ्या स्टँडला ठाऊक होतं. ट्रायलच्या, म्हणजे साहेबापुढं गाडी चालवून दाखवायच्या दिवशी बबलू माहूरला जावळाच्या जेवणात होता. एजंट माणिकप्पानं कागद आत नेले आणि बाहेर आणले. बबलूला अजून गाडी मागं घेता येत नव्हती. मागं घ्यायची वेळ आली की तो पॅसेंजर उतरवायचा आणि दोघांना मागं उभं करून ओरडायला लावायचा.

निवृत्ती घरी आला आणि सत्यशीलाला म्हणाला की, नवरात्राला अडीच महिने हायेत. ती भाकरी थापत होती. तिनं माणिकप्पाचं नाव काढलं. निवृत्तीला राग आला. ज्याला गाडी येत नाही त्यानं माणिकप्पाकडं जावं. एकोणीस वर्षं घाट चढणाऱ्यानं कामून जावं?

सत्यशीलानं भाकरी उलटली.

अर्ज बुद्धप्रियानं भरला. ती बारावीला होती आणि घरात मोबाईल तिच्याच हाताला ऐकायचा. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. बापलेक टाकीच्या शिडीवर चढून बसले, खाली नागूबाई, निवृत्तीची आई, कागदांची पिशवी छातीशी धरून उभी. फोटो चढेना. चढला तर सही चढेना. पाऊस भुरभुरत होता आणि बुद्धप्रिया मोबाईलवर ओढणी धरून बोटानं दाबत होती. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला. नागूबाईनं वर बघून विचारलं, गेला का गं नांदेडला. बुद्धप्रिया म्हणाली, गेला आजी. म्हातारी टाकीकडं बघत राहिली. एवढ्या उंचावरून काहीतरी खरंच उडून गेलं असावं, अशी.

मग कागद सुरू झाले. आठवी पासचा दाखला शाळेतून आणला. शाळेच्या कारकुनानं रजिस्टर सापडत नाही म्हणून चार खेपा घालायला लावल्या, आणि पाचव्या खेपेला ते त्याच्या खुर्चीवरच उशीसारखं ठेवलेलं निघालं. डॉक्टरांचा दाखला आणला. डॉक्टरांनी निवृत्तीकडं न बघताच त्याचे डोळे चांगले आहेत असं लिहिलं. निवृत्तीनं कमरेचं सांगायला तोंड उघडलं, पण तोवर पुढचा माणूस आत आला होता.

राहिला पोलिसांचा दाखला. त्यासाठी चौकीवर गेला तेव्हा समोर भीमाशंकर जमादार बसलेले. निवृत्तीला हायसं वाटलं. जमादार अकरा वर्षं रोज सकाळी त्याच्याच गाडीनं तालुक्याला जात आणि संध्याकाळी त्याच्याच गाडीनं येत. तेही पुढं, ड्रायव्हरला लागून. अंगानं भरलेले. ते बसले की निवृत्तीचा उरलेला डावा कुल्लाही निम्मा बाहेर यायचा. भाडं त्यांनी कधी दिलं नव्हतं आणि त्यानं कधी मागितलं नव्हतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या दोन खेपा त्यानं मारल्या होत्या. घाटात झोप लागली की त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर यायचं, आणि झोपमोड नको म्हणून तो गिअर सुद्धा हळू टाकायचा.

जमादारांनी कागद उलटसुलट केला.

"नाव?"

निवृत्ती हसला. त्याला वाटलं, थट्टा करून राहिले. पण जमादार पेन उघडून बसले होते. त्यानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं.

"तुला ओळखणारी दोन माणसं पाहिजेत. त्यांच्या सह्या."

"जमादारसाहेब, तुमीच ओळखता की."

"मी कसा ओळखीन? मी सरकारी माणूस." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आन तुमच्या वस्तीतली आणू नको. प्रतिष्ठित आण."

निवृत्ती बाहेर आला. चौकीच्या ओट्यावर बसून त्यानं चप्पल काढली, झटकली आणि पुन्हा घातली. त्यात खडा नव्हता. त्याच्या वस्तीत झेडपीचे एक निवृत्त हेडमास्तर होते, तलाठी कार्यालयातला एक शिपाई होता, एक नर्सबाई होती. मास्तरांच्या हाताखाली जमादारांची मुलं शिकली होती. तो सह्यांसाठी शेषेरावाकडं गेला. शेषेरावानं दोन दिवस झुलवलं. तिसऱ्या दिवशी सही केली, दुसरी भावाची घेऊन दिली आणि वर बोलूनही दाखवलं की, बघ, मीच तुझ्या कामाला आलो.

संध्याकाळी जमादार गाडीपाशी आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "सरक रे निवृत्ती."

तो सरकला.

महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी तालुक्याला परिवहनवाल्यांचा कॅम्प असे. विश्रामगृहामागच्या मैदानात पांढऱ्या फक्कीनं आठाचा आकडा काढलेला, मधे दोन पिंपं ठेवलेली. आठावरून गाडी फिरवायची, मग पिंपांच्या मधून मागं घ्यायची. पोळा दोन दिवसांवर होता. मैदानात चिखल, चिखलात शंभरेक माणसं, आणि चिंचेखाली टेबल टाकून साहेब बसलेले. साहेब पस्तिशीचे, गोरे, बूट जपणारे. माणिकप्पा त्यांच्या खुर्चीमागं छत्री धरून उभा होता. त्याच्या दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि त्या गठ्ठ्यातली माणसं मैदानात दिसत नव्हती.

निवृत्ती सकाळी सातला आला होता. सत्यशीलानं बांधून दिलेली भाकरी त्यानं खाल्ली नाही. नंबर दुपारी तीनला लागला. शेषेरावाची गाडी त्यानं आदल्या संध्याकाळी धुऊन पुसून ठेवली होती. साहेब उठून बाजूला येऊन उभे राहिले. निवृत्तीनं किल्ली फिरवली, गाडी आठावर घातली. एवढी सोपी गाडी त्यानं आयुष्यात हाकली नव्हती. ना मागं दहा माणसं, ना टपावर चार, ना मांडीशी कोणाचा गुडघा. आठ असा काढला की फक्की विस्कटली नाही. पिंपांच्या मधून गाडी मागं आली ती दोऱ्यात ओवल्यासारखी. त्यानं ब्रेक लावला आणि साहेबांकडं बघितलं.

साहेब हसत होते. सगळी रांग हसत होती.

"कुठं निघालास उतरून?" साहेबांनी विचारलं. "गाडी चालवायला आलास की पळून जायला?"

तेव्हा निवृत्तीला कळलं. अख्खी सीट मोकळी होती. पूर्ण पुढचा भाग मोकळा होता. तरी तो काठाला डावं अंग टेकवून, उजवी मांडी दाराबाहेर सोडून, मान वाकडी करून बसला होता. रिकाम्या गाडीत, न बसलेल्या तीन माणसांना जागा देऊन.

तो पटकन मधे सरकला. पण मधे सरकताच पायाला ब्रेक सापडेना. क्लचवर पाय पडला आणि गाडी चिखलात एक हात पुढं घसरली. रांगेतल्या कोणीतरी शिट्टी मारली.

साहेबांनी कागदावर लिहिलं. बसण्याची पद्धत सदोष, पुन्हा यावे. बिल्ला म्हणजे लोकांच्या जिवाची जबाबदारी, असं त्यांनी रांगेकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ड्रायव्हर सीटच्या मध्यावर बसला पाहिजे, आरसा दिसला पाहिजे, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. ते जे बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच निवृत्तीला ते जास्त झोंबलं.

पाच वाजता कॅम्प उठला. सरकारी गाडी मोठ्या साहेबांना घेऊन आधीच गेली होती. या साहेबांना हायवेच्या फाट्यावरून नांदेडची बस धरायची होती. फाटा अकरा किलोमीटर. माणिकप्पानं मैदानात नजर फिरवली आणि निवृत्तीच्या गाडीवर थाप मारली. साहेब पुढं बसले, त्यांचा कारकून पुढं बसला, माणिकप्पा पुढं बसला. साहेबांनी मांडीवर बॅग घेतली. त्याच बॅगेत निवृत्तीचा नापासाचा कागद होता.

माणिकप्पा म्हणाला, "सरक की बाबा जरा. साहेबाला तकलीफ होऊन राहिली."

निवृत्तीनं साहेबांकडं बघितलं. साहेब समोर काचेतून बघत होते. तो सरकला. डावं अंग काठाला, उजवं बाहेर. अकरा किलोमीटर तो तसाच गेला, खड्डे चुकवत, साहेबांच्या बुटाला गिअरचा दांडा लागू नये म्हणून जपत. समोरून आलेल्या ट्रकनं उडवलेलं पाणी त्याच्या उजव्या गालावर, मानेवर, सदऱ्यात गेलं. फाट्यावर साहेब उतरले. त्यांच्या कपड्यांवर एक थेंब नव्हता.

घरी आल्यावर त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. नापास झालो, एवढंच सांगितलं. पण स्टँडवरून गोष्ट त्याच्या आधीच घरी आली होती. बबलूनं तिला नक्कल जोडली होती. पोरं स्टँडवर बाकड्याच्या काठाला अर्धं बसून दाखवत.

नागूबाई भिंतीशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तुझ्या बापाला मालकाच्या गाडीत बसू देत नव्हते, बाबू. तो बैलामागं चालायचा. तुला बसू देलं. पण अर्धंच."

दुसऱ्या दिवसापासून सत्यशीलानं काम हातात घेतलं. ती दिवसभर सोयाबीनमधलं तण खुरपायला जायची. संध्याकाळी शेवटची खेप टाकून निवृत्ती आला की गाडी शेषेरावाच्या वाड्यावर लावण्याआधी अर्धा तास मिळायचा. तिनं नागूबाईची जुनी वाकळ घट्ट गुंडाळली, सुतळीनं तीन ठिकाणी आवळली आणि सीटच्या उजव्या काठावर, दाराच्या बाजूला पक्की बांधून टाकली. आता सरकायला जागाच उरली नाही.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरात बसलोय.

विहारामागच्या पडीक रानात तिनं राखेनं आठ काढला. पिंपं नव्हती, म्हणून एका बाजूला बुद्धप्रिया आणि दुसऱ्या बाजूला नागूबाई उभी केली. पहिल्या दिवशी म्हातारीला वाचवता वाचवता गाडी बाभळीला घासली आणि शेषेरावानं त्या ओरखड्याचे पैसे पगारातून कापून घेतले. एकोणीस वर्षांचं अंग ऐकत नव्हतं. पाय ब्रेकच्या जागी जाई आणि तिथं ब्रेक नसे. तो वीतभर उजवीकडं असे. मान आपोआप वाकडी होई. कमरेला सरळ बसवेना. ती इतकी वर्षं वाकडीच झिजली होती, आणि सरळ केली की आतून कळ निघायची. रात्री सत्यशीला विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या कमरेला शेकायची. शेकताना एकदा ती हळूच म्हणाली की, अंगाचं हे हाल तर मनाचं काय झालं असंल. निवृत्ती पालथा पडून होता. त्याला ऐकू गेलं.

दिवसा मात्र पुन्हा तेच. वाकळ सोडायची, जमादारांना जागा द्यायची, अर्धं बाहेर लटकायचं. संध्याकाळी पुन्हा वाकळ बांधायची. दिवसभर मोडायचं आणि अर्धा तास जोडायचं. कधी कधी घाटात तिरपा बसलेला असताना त्याच्या मनात यायचं की, हे आपण अकरा वर्षं, एकोणीस वर्षं कसं केलं. आधी ते कधी मनात आलं नव्हतं. आता रोज यायला लागलं. जमादारांचं डोकं खांद्यावर पडलं की तो खांदा हलवू लागला.

दुसऱ्या कॅम्पला सत्यशीला दिवसाची मजुरी बुडवून सोबत आली. वाकळ तिनं घरीच ठेवली होती. या वेळी उघडीप होती, मैदान वाळलं होतं. तेच साहेब, तेच चिंचेचं झाड. माणिकप्पानं निवृत्तीला बघून डोळा घातला आणि अजून वेळ गेली नाही असं बोटांनी खुणावलं. निवृत्तीनं तोंड फिरवलं.

नंबर लागला. तो गाडीत चढला आणि सीटच्या मध्यावर बसला. पाठ टेकली. आरशात बघितलं, तर आरशात त्याला स्वतःचा चेहरा अख्खा दिसला. एरवी कानच दिसायचा. आठ काढला. पिंपांतून गाडी मागं घेतली. रांग या वेळी गप्प होती. रांगेच्या कडेला सत्यशीला पदर दातात धरून उभी होती.

साहेबांनी ओळखलं. "तू तोच ना, उतरून चाललेला?" म्हणाले, "बघ, जमलं की. आता असंच बसायचं. रस्त्यात लटकलेला दिसलास तर बिल्ला काढून घेईन."

"न्हाई दिसणार साहेब," निवृत्ती म्हणाला.

साहेबांनी ते ऐकलं नाही, ते पुढच्या कागदाकडं वळले होते. पण निवृत्ती ते बोलायचं म्हणून बोलला नव्हता.

बिल्ला आला तो पितृपक्षाच्या शेवटच्या दिवशी. पितळेचा, वाटोळा, वर नंबर कोरलेला. नागूबाईनं तो तळहातावर घेऊन बराच वेळ वजन पाहिलं. बुद्धप्रियानं राखेनं घासला. सत्यशीलानं त्याच्या खाकी सदऱ्याच्या खिशावर आतून कापडाची पट्टी शिवली, वजनानं खिसा फाटू नये म्हणून. निवृत्तीनं शेषेरावाला नेऊन दाखवला. शेषेरावानं मान हलवली, ठीक आहे म्हणाला. उद्यापासून माहूरच्या खेपा आहेत, गाडी पहाटे काढ, म्हणाला.

पहिल्या माळेला स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. माहूरला निघालेल्या बाया, ओट्या, नारळ, झोपाळलेली लेकरं. हदगावकडून आलेली एक अख्खी भजनी मंडळी टाळ पोटाशी धरून थांबली होती. निवृत्तीच्या गाडीत मागं बारा भरले. पुढं एक म्हातारा आणि त्याची सून बसली. तिघांची जागा भरली. निवृत्ती आपल्या जागेच्या मधे बसला, पाठ टेकून. बिल्ला उन्हात चमकत होता. तो किल्ली फिरवणार तोच शेषेराव गर्दीतून वाट काढत आला. मागं भीमाशंकर जमादार, आणि त्यांच्या मागं ते गोरे साहेब. यात्रेच्या बंदोबस्ताला निघाले होते. सरकारी गाडीचं काहीतरी बिघडलं होतं.

शेषेरावानं म्हाताऱ्याला आणि सुनेला उतरवून मागं कोंबलं. मागून लेकरू रडायला लागलं. साहेब पुढं बसले, जमादार बसले, आणि शेषेराव स्वतः पायरीवर पाय देऊन उभा राहिला. त्यालाही देवीला जायचं होतं. तो म्हणाला, "निवृत्ती, सरक."

निवृत्ती हलला नाही.

"आरं, सरक की."

"मालक, पुढं तिघं झाले."

शेषेरावाला आधी नीट ऐकूच आलं नाही. जमादार हसले. ते म्हणाले की, ह्याला बिल्ला काय मिळाला, ह्यो कलेक्टर झाला. मागच्या बायाही हसल्या. निवृत्तीचे कान तापले. त्यानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आणखी घट्ट धरलं. तो साहेबांकडं वळला.

"साहेब, मधी बसायचं तुमीच म्हणलाव. कागदावर लिहिलाव."

साहेबांनी घड्याळात बघितलं. ते चिडले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अरे, ते ट्रायलचं होतं. रोजचं वेगळं असतं."

निवृत्तीनं त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस शंभर जणांसमोर त्याला हसला होता. या माणसासाठी त्यानं महिनाभर कमरेला विटा लावून घेतल्या होत्या, म्हाताऱ्या आईला पिंपासारखं उभं केलं होतं. तो रागानं काहीतरी मोठं बोलणार होता. अर्धा महिना तो मनातल्या मनात ते जुळवत आला होता. पण तोंडातून आलं ते एवढंच.

"मपलं एकच हाय साहेब. ट्रायलचं आन रोजचं."

कोणी हसलं नाही. शेषेरावाचा चेहरा बदलला. स्टँडवरच्या माणसांसमोर, साहेबांसमोर, त्याच्या पगारी माणसानं त्याला उभं ठेवलं होतं. त्यानं हात पुढं केला. "किल्ली दे. उतर."

निवृत्ती थांबला. मागच्या बायांतली एक म्हणाली की, दादा सरक ना, माळ चुकते. तिचं खरं होतं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं किल्ली काढली, शेषेरावाच्या हातावर ठेवली आणि उतरला. उजव्या बाजूनंच उतरला, रोज जिथं लटकायचा तिथून.

बबलू जवळच होता. तो चढला आणि न सांगता काठाला गेला. डावं अंग टेकवलं, उजवं बाहेर सोडलं, मान वाकडी केली. शेषेराव आत बसला. गाडी मागं घ्यायची होती, म्हणून दोघं जण मागं जाऊन ओरडले. मग गाडी भरगच्च अंगानं निघाली. वळणावर बबलूचा उजवा गुडघा रस्त्याच्या बाजूला बाहेर हलताना दिसला आणि साहेबांचा गोरा हात टपाचा दांडा धरताना.

निवृत्ती स्टँडवर उभा राहिला. चहावाल्यानं चहा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. छातीवरचा बिल्ला त्यानं काढला नाही. बिल्ल्यावर शेषेरावाचं नाव नव्हतं. नंबर होता, आणि तो नंबर नांदेडच्या दप्तरात निवृत्तीच्याच नावापुढं होता. दुसरा मालक मिळेल, न मिळेल. या रस्त्यावरच्या कोणत्या मालकाची गाडी तिघांवर थांबते, हे त्याला चांगलं माहीत होतं.

तो चालत टेंभरदऱ्याला निघाला. नऊ किलोमीटर. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडून वाळलं होतं आणि शेंगा उन्हानं तडतडत होत्या. ओढ्याच्या पलीकडं देशमुखांच्या रानात बायांची रांग कापणीला लागली होती. सत्यशीला रांगेच्या टोकाला होती. तिनं त्याला बांधावरून येताना बघितलं. या वेळी तो माहूरच्या घाटात असायला हवा होता. तिनं विळा थांबवला, सरळ उभी राहिली. त्याच्या छातीवर बिल्ला होता आणि मागं गाडी नव्हती.

"काय झालं?"

"मधीच बसलो," निवृत्ती म्हणाला.

बाकीच्या बायांचे विळे चालूच होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कमरेचा दुसरा विळा काढून त्याच्या हातात दिला आणि आपल्या शेजारची सोयाबीनच्या ओळींची अख्खी पात त्याला मोकळी करून दिली. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. खाली वाकताना कमरेतून कळ निघाली. ती जाईपर्यंत तो थांबला, आणि मग पहिली मूठ धरली.